धुलाईच्या खोलीतलं श्रेय

तार पुन्हा तुटली. मॅडम यंत्रापाशी मट्कन खाली बसल्या.

सूर्याच्या पोटात पेटते तशी आग जमिनीवर पेटवायची, तर तिला भांड्याच्या भिंतींपासून लांब रोखून धरायला प्रचंड ताकदीचं चुंबक लागतं. त्या चुंबकाची अतिवाहक, म्हणजे विजेला जराही अडथळा न करणारी, तार मॅडम घडवत होत्या. तांब्याच्या जाड नळीत निओबियम आणि कथलाच्या कांड्या भरायच्या आणि एकाहून एक बारीक छिद्रांतून ती ओढत न्यायची. सात महिने शेवटच्या छिद्राशी घोडं अडलं होतं. कथलाला दोष देऊन झाला, छिद्रांना देऊन झाला, यंत्रावर तार ओढणाऱ्या ओढकाम्याला तर नको नको ते बोलून झालं.

दारात मावशी उभ्या होत्या. कांड्या धुण्याचं काम त्यांचं.

"मॅडम, जरा बोलायचं होतं."

"मावशी, आत्ता नको हो."

"मागच्या महिन्यातही असंच म्हणालात."

मॅडमनी मान वर केली. मावशींनी कागदाची पुडी उघडली. आत पोलादाचे केसाएवढे तुकडे होते.

"नवे ब्रश आल्यापासून हे माझ्या हातमोज्यांत रुततात. मग कांड्यांना चिकटत नसतील कशावरून?"

मॅडमनी तुटलेलं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. बरोबर मधोमध एक चकचकीत कण होता. भोवतीचा धातू ताणला जाई, कण मात्र कडक राहून तिथेच तार तोडी.

"चुकलंच माझं," त्या शरमेने म्हणाल्या.

"सापडलं ना? मग झालं तर!"

ब्रश बदलले. पुढची तार दोन किलोमीटर सलग उतरली. मॅडमनी आधी ओढकाम्याची माफी मागितली. मग निओबियम आणि कथील एकजीव व्हावं म्हणून तारेचं वेटोळं कित्येक दिवस भट्टीत भाजून, द्रवरूप हेलियमच्या थंडीत बुडवून वीज सोडली. वीज मोजणारा काटा हवा तिथवर चढला आणि तिथेच ठाम राहिला. सगळ्यांनी एकच कल्ला केला.

अहवालात मावशींचं नाव पहिल्या पानावर आलं. ते दाखवायला मॅडम धुलाईच्या खोलीत गेल्या. मावशींनी हात पुसून नावावरून हळूच बोट फिरवलं.

"एक विचारू? ही तार नेमकी कशाला लागते?"

इतक्या वर्षांत त्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. मॅडमनी स्टूल ओढलं आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.