तिच्या बाजूची चेन

मित्रांनो, मी एक जुनी, अंमळ लांबुडकी सायकल आहे. मला पाहून लोक आधी हसतात आणि मग माझ्यासोबत फोटो काढतात. मागे नेहमीची सीट आणि पायांचे पेडल. पुढे जमिनीलगत आरामखुर्चीसारखी सीट आणि तिच्यासमोर हातांनी फिरवायचे पेडल. माझं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं, हे सुरुवातीला मलाही उमगत नव्हतं.

मला एका वेल्डरने घडवलं. भंगारातल्या दोन सायकली कापून त्याने मला आपल्या दादा-वहिनीसाठी जोडलं, म्हणून मीही त्यांना दादा-वहिनीच म्हणते. दादा पोस्टमन आहे. वहिनी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. लहानपणी तापात तिचे पाय गेले. ती पुढे बसते, तो मागे. मागच्या चाकापर्यंत दोघांच्या वेगवेगळ्या चेनी जातात. वहिनीचे दोन्ही हात पेडलवर गुंतलेले, म्हणून दोघांच्याही गिअरचे खटके दादाच्या हँडलवर बसवले. सगळा घोटाळा वहिनीच्या खटक्याने केला.

घाटापलीकडे वहिनीची थोरली बहीण राहते. आम्ही तिच्याकडे जायचं ठरवलं तेव्हा ती फोनवर दादाला म्हणाली, तिला गाडीत घालून आण, उगाच हाल कशाला. वहिनीला ते चांगलंच झोंबलं. "ताई, मी माझ्या हातांनी येणार आहे," दादाच्या हातून फोन घेऊन एवढंच बोलून तिने तो ठेवला.

आणि आम्ही निघालो. काय मजेचे दिवस होते ते! रस्त्यावरचे खड्डे आधी वहिनीला दिसायचे, शिव्या मात्र दादाला बसायच्या. चहाच्या टपरीवर माझ्याभोवती कोंडाळं जमायचं आणि मी उगाच भाव खायचे. वहिनी खूश होती. आता चढ कळतसुद्धा नाही, हात तयार झालेत, असं ती भेटेल त्याला सांगायची. दादा तेव्हा हमखास दुसरीकडे बघायचा.

मला कारण ठाऊक होतं. चढ आला की दादा गुपचूप तिचा खटका सर्वांत हलक्या गिअरवर टाकायचा, चढ संपला तरी तिथेच ठेवायचा आणि सगळं ओझं स्वतःच्या पायांवर घ्यायचा. त्याच्या मनात पाप नव्हतं, होती फक्त माया. पण मला तोंड असतं तर मी मूग गिळून बसले नसते.

घाटाच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा त्याचा गुडघा टम्म सुजला होता. रोज मला तेलपाणी तोच करायचा. त्या संध्याकाळी तो धर्मशाळेतल्या खाटेवर पडून होता, म्हणून वहिनी फरशीवर बसून फडकं घेऊन माझ्या मागच्या चाकाशी आली. भिंगावरचा बारीकसा ओरखडाही जिच्या बोटांना कळतो, तिच्यापासून काय लपणार? दादाच्या बाजूच्या सगळ्या चक्रांचे दाते झिजून टोकदार झाले होते. तिच्या बाजूचं फक्त सर्वांत हलक्या गिअरचं मोठं चक्र वापरलेलं, बाकीची कोरी करकरीत होती. तिने पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग फडकं खाली ठेवलं.

"अहो, माझा गिअर तुम्ही कमी करत होतात?"

दादाने मान खाली घातली. तुला त्रास नको म्हणून, असं काहीतरी तो पुटपुटला.

"त्रास माझा होता. तो तुम्ही परस्पर घेऊन टाकलात. आता ताईला कुठल्या तोंडाने सांगू, मी माझ्या हातांनी आले म्हणून?"

मला फार वाईट वाटलं. दोघं पाठीला पाठ लावून झोपली. गुडघा उतरेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. मग एका सकाळी दादाने पाना काढला, तिचा खटका माझ्या हँडलवरून सोडवला आणि तिच्या सीटशेजारी, हात पोचेल असा बसवला. वहिनीने तो एकदा मागेपुढे करून पाहिला. "चला," ती म्हणाली.

तो घाट आम्ही मुंगीच्या पावलांनी चढलो. वहिनी कधी जड गिअर घ्यायची, कधी हलका. पण घ्यायची ती स्वतः. चार पेडल मारले की थांबायची, घाम पुसायची, पुन्हा धरायची. एका वळणावर तर रडलीच. दादाने खटक्याकडे बघितलंही नाही. तो आपला वाटा तेवढा ओढत राहिला. माझ्या दोन्ही चेनी पहिल्यांदाच एकसारख्या ताणल्या गेल्या. खरं सांगते, माझ्या जन्माचं सार्थक झालं.

ताई दारातच उभी होती. तिने वहिनीचे हात हातात घेतले आणि तळहातांवरचे फोड पाहून तिचे डोळे भरून आले. हे काय करून घेतलंस, ती म्हणाली.

"चढ होता," वहिनी म्हणाली, आणि तिचा चेहरा असा फुलला की दादाला हसू आवरेना.

मित्रांनो, तेव्हापासून मला तेलपाणी वहिनीच करते. माझा रंग उडालाय, घंटी घसा बसल्यासारखी वाजते, पण दोन्ही बाजूंचे दाते सारखेच झिजलेत. वाटेत कधी आम्ही भेटलो, तर मागून ढकलायला धावू नका. आधी वहिनीला विचारा. ती बहुधा नको म्हणेल. मग नुसते बाजूने पळा, तिला सोबत आवडते.