खिडकीकडचा व्रण

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला सगळे ब्रेकताई म्हणत. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून पायाखालचा जादा ब्रेक ती इतक्या नेमक्या वेळी दाबायची, की समोरच्या सायकलवाल्याला आपण कशातून वाचलो याचा पत्ताही लागत नसे. सोळा वर्षांत हजारभर माणसं तिच्या हाताखालून गाडी शिकून गेली होती, आणि गाडीला ओरखडा एकच. तोही उभ्या गाडीला, एका टेम्पोने काढलेला.

पण शेजारी बसण्याच्या धंद्यात एक गोम असते. लोक तुम्हाला कायम बाजूने बघतात. आणि ब्रेकताईला बाजूने बघितलं की आधी नाक दिसायचं, मग ती. मधोमध उंटासारखा उंचवटा आणि खाली ऐसपैस पसरलेल्या नाकपुड्या. नाक वडिलांकडून आलेलं. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती; नाक मात्र ठणठणीत होतं.

एकेचाळिसाव्या वर्षी तिने ऑपरेशन करून ते बदलून घेतलं. कोणी टोमणा मारला म्हणून नाही, की घरात काही बिनसलं म्हणून नाही. शाळेत असल्यापासून तिला ते नको होतं आणि आता करून घेणं तिच्या हातात होतं, एवढंच. नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "दुखेल का?"

"दुखेल थोडं."

"मग मी रजा टाकतो," तो म्हणाला आणि पुन्हा भांडी विसळायला लागला.

बाकी कुणाला सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं. आईला तर मुळीच नाही. वडिलांचं नाक कापून आले, हे आईला कुठल्या तोंडाने सांगणार? त्यामुळे आईला फोनवर सांगण्यात आलं की बाथरूमच्या दारावर आपटले; पुढे भेट झाली तेव्हा नाकाच्या बदललेल्या आकाराचं खापरही त्या दारावरच फोडण्यात आलं. आणि स्कूलच्या मालकांनी तीन आठवड्यांच्या रजेचं कारण विचारलं तेव्हा घाईघाईत तिच्या तोंडून निघून गेलं, "छोटासा अपघात झाला, साहेब."

नाक झालं मात्र सुरेख. सूज उतरली तसं तिला आरशासमोरून हलवेना. सर्जनने तीन ठिकाणी बारीक छेद घेतले होते. दोन नाकपुड्यांच्या मधल्या पट्टीवर एक, आणि दोन्ही नाकपुड्या गालाला मिळतात त्या घडीत एकेक. टाके काढताना त्यांनी सूचनांचा कागद हातात दिला आणि बजावलं, "उन्हापासून जपा. व्रण कच्चा आहे तोवर ऊन त्याचा शत्रू." तिने मान डोलावली, कागद गाडीच्या कप्प्यात टाकला आणि कामावर रुजू झाली.

आता तिचं काम म्हणजे दिवसाचे सात तास शेजारच्या सीटवर, उन्हाच्या खिडकीशी बसायचं. तीन महिन्यांत मधल्या पट्टीवरचा व्रण दिसेनासा झाला, शिकणाऱ्याच्या बाजूचाही गुमान बसला. खिडकीकडचा मात्र हट्टाला पेटला. लालभडक झाला, वर आला, आणि नाकपुडीच्या कडेला दोरा चिकटल्यासारखा दिसू लागला. समोर बसलेला माणूस बोलता बोलता तिकडेच बघायचा. एकदोघांनी तर "ताई, काहीतरी लागलंय" म्हणून रुमालही पुढे केला.

मग तिने फोनवर कुठलासा व्हिडिओ पाहून व्रणावर लिंबू चोळलं. त्याने आग आग झाली, आणि लाल होतं ते चार दिवसांत काळपट झालं. मग टूथपेस्ट. तिच्याबद्दल न बोललेलंच बरं.

अशा वेळी सिस्टर शिकायला आल्या. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, आणि आयुष्यभर हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काम करून निवृत्त झालेल्या. निवृत्तीनंतर पहिलं काम काय, तर गाडी शिकायची. दुसऱ्याच दिवशी चौकातल्या सिग्नलला गाडी उभी असताना त्या म्हणाल्या, "ब्रेकताई, क्लच सोडू का?"

"हळूहळू सोडा. एकदम नको."

"बरं. आणि हे नाक कुणी केलं?"

गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद पडली. मागून चार हॉर्न वाजले.

"अपघात झाला होता," ब्रेकताई पुढे बघत म्हणाली. "किल्ली फिरवा. न्यूट्रल करा आधी."

"छे छे. अपघात असा दोन्हीकडे मोजूनमापून होत नाही," सिस्टर किल्ली फिरवत म्हणाल्या. "पस्तीस वर्षं सर्जनच्या हातात कात्री दिलीय मी. काम झकास केलंय हो. पण या व्रणाला काय फासलंत तुम्ही?"

सिग्नल पुन्हा लाल झाला.

"लिंबू," शेवटी ती पुटपुटली.

"अरे देवा! नाक आहे की लोणचं?"

ब्रेकताईला हसू आवरेना. तीन महिन्यांत या विषयावर ती पहिल्यांदाच हसली. पुढचा पाऊण तास मग आलटून पालटून शिकवणी चालली. ही म्हणे आरशात बघा, त्या म्हणत व्रणाला रोज मालीश करा. ही म्हणे गिअर बदला, त्या म्हणत आधी डॉक्टर गाठा. शेवटी सिस्टरांनी गाडी फुटपाथपासून हातभर लांब लावली आणि एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर लिहून दिला.

पण नंबर फिरवायच्या आधीच वेगळंच प्रकरण उभं राहिलं. "छोटासा अपघात" एव्हाना गावभर मोठा झाला होता. मालकांनी तो फोनवर एका विद्यार्थ्याला सांगितला, त्याने दुसऱ्याला, आणि वाटेत त्याला एक झाड, एक खांब आणि एक ट्रक येऊन मिळाले. एका आठवड्यात तिघांनी शिकवणी सोडली. मालकांनी तिला ऑफिसात बोलावलं. हे गृहस्थ इतके भिडस्त, की वाईट काही बोलायचं असलं की आधी टेबलावरचा स्टेपलर सरळ करत. त्या दिवशी त्यांनी स्टेपलर सरळ केला, पेनं सरळ केली, कॅलेंडरही सरळ केलं.

"त्याचं काय आहे, ताई," ते म्हणाले, "लोक विचारतात हो. शिकवणाऱ्या बाईंनीच गाडी आपटली, तर आम्ही कुणाच्या भरवशावर शिकायचं? मी म्हणतो, चार महिने तुम्ही ऑफिसातच बसा. फॉर्म बघा, फोन घ्या."

सोळा वर्षं गाडीत बसलेल्या बाईला खुर्चीत बसवायचं! ती काही बोलणार, तोच दार धाडकन उघडलं आणि घरातल्या सपाता पायात तशाच घालून, धापा टाकत आई आत आली.

"ट्रकचा नंबर घेतलास का?" आईने आल्या आल्या विचारलं.

"कुठल्या ट्रकचा?"

"तुला उडवलं त्या! मला औषधाच्या दुकानात कळलं, परक्या माणसाकडून. आणि मला म्हणे बाथरूमचं दार! अगं, आई आहे ना मी तुझी?" तिने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि इकडून तिकडून वळवून पाहिला.

त्या हातांत चेहरा धरलेला असताना ब्रेकताईला पुढची थाप सुचेचना. ती एका दमात बोलून गेली. "ट्रक नव्हता. झाड नव्हतं. दारही नव्हतं. मी नाकाचं ऑपरेशन करून घेतलं. मला हवं होतं म्हणून. आणि साहेब, गाडी मी आजवर कुठेही आपटलेली नाही."

मालकांना सरळ करायला काही उरलं नव्हतं. त्यांनी स्टेपलर पुन्हा वाकडा केला. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे अपघात नाहीच?"

"नाही."

"मग हे मी सगळ्यांना सांगू?"

ब्रेकताईने क्षणभर डोळे मिटले. ज्या गोष्टीसाठी इतकी लपवाछपवी केली, ती आता फोनवरून घरोघर जाणार होती. "सांगा," ती म्हणाली. "नाक केलं म्हणून सांगा. पण त्यात ट्रक घालू नका."

मायलेकी बाहेर येऊन शिकवणीच्या गाडीत बसल्या. आई समोरच्या काचेतून रस्ता बघत होती.

"बाबांचं नाक होतं ते," ब्रेकताई हळूच म्हणाली. "तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं."

"वाटलं वाईट," आई म्हणाली. "नाकाचं नाही गं. एवढी चिरफाड झाली आणि मी तिथे नव्हते, त्याचं वाटलं." मग म्हणाली, "आणि त्यांचं म्हणशील, तर त्यांना तरी कुठे आवडायचं ते? लग्नाआधी मला भेटायला आले तेव्हा तासभर मान वळवली नाही माणसाने. मला वाटलं, मानेचं काही दुखणं असेल."

दोघी हसता हसता रडल्या, की रडता रडता हसल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. डोळे पुसून आईने नाक नीट न्याहाळलं आणि निकाल दिला, "चांगलं झालंय. हे कडेचं तेवढं निस्तर."

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून व्रण पाहिला, लिंबाची हकीकत ऐकली आणि कपाळावर हात मारला. "व्रण पुसून टाकायची जादू माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "पण तो शांत होतो. त्याला वर्षभर तरी लागतं, आणि तोवर पुन्हा कापाकापीचा विचारसुद्धा नको." सकाळ-संध्याकाळ सिलिकॉनचं जेल, तेही मोहरीएवढं. बोटाच्या टोकाने दोन-दोन मिनिटं हलकं मालीश. गाडीत असताना व्रणावर कातडीच्या रंगाची कागदी पट्टी, बाकी चेहऱ्याला उन्हाचं क्रीम. वर आलेल्या भागात महिन्या-महिन्याने एक बारीक इंजेक्शन. लाली उरलीच, तर पुढे लेझर.

इंजेक्शनच्या वेळी सिस्टर सोबत आल्या. नाकाच्या कडेला सुई म्हणजे डोळ्यांतून घळाघळा पाणी. सिस्टरांनी हात धरला आणि म्हणाल्या, "हळूहळू श्वास सोडा. एकदम नको." आईने जेलची जबाबदारी स्वतःकडे घेतली. सकाळी आठला आणि रात्री आठला तिचा फोन ठरलेला: "लावलंस का?" नवरा तर फोन वाजला की न उचलताच ओरडायचा, "लावलं!"

कामावर पहिला आठवडा अवघड गेला. विद्यार्थी पट्टीकडे बघत आणि पटकन नजर वळवत. मग तीच सांगून टाकायला लागली, "नाक करून घेतलंय, व्रण बरा होतोय. झालं बघून? आता रस्त्याकडे बघा." एका बँकवाल्या बाईंनी तर पुढच्या सिग्नलपर्यंत सगळी चौकशी करून घेतली. सोडून गेलेल्या तिघांपैकी दोघं परत आले. तिसरा सायकलवरच सुखी होता म्हणे.

दुसऱ्या इंजेक्शननंतर दोरा सपाट झाला. काळपटपणा हळूहळू उतरला. पुढे लेझर झालं, त्यात रबर ताणून सोडल्यासारखे चटके बसले, आणि दोन दिवस नाकपुडी टोमॅटोसारखी दिसली. सिस्टर परीक्षेत एकदा नापास झाल्या आणि मग पास झाल्या.

वर्षाने डॉक्टरीणबाईंनी पुन्हा भिंग लावलं. आईही हट्टाने आली होती. डॉक्टरीणबाईंनी चेहरा इकडे वळवला, तिकडे वळवला. "कुठल्या बाजूला होता हो तो?"

"हा काय, इथे!" आई खुर्चीतून उठून बोट दाखवत म्हणाली. वर्षभर तिने रोज दोनदा त्याची चौकशी केली होती, तिला कसा चुकेल?

निरखून पाहिलं तर कळावी अशी एक फिकट, गुलाबीसर रेघ उरली होती. "हे एवढं चालेल कुणालाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हवं तर लेझरची आणखी एक बैठक करू, अजून थोडं फिकं होईल. नाही केलं तरी बिघडत नाही."

ब्रेकताईने हातातल्या आरशात पाहिलं. समोरून पाहिलं, मग मान वळवून बाजूने. बाजूचं तिने जरा जास्तच वेळ पाहिलं.

"करू या की," ती म्हणाली. "फक्त सोमवार नको. सोमवारी माझ्या तिघांची परीक्षा आहे."