बशीतलं पहिलं नाणं

"तोफा किती म्हणालात?" होणाऱ्या विहीणबाईंनी डोक्यावरचा रुमाल वाऱ्यात दोन्ही हातांनी दाबून धरत विचारलं.

"एकवीस. त्यातल्या तीन कधी उडाल्याच नाहीत," आईने न अडखळता सांगितलं.

होणारा जावई कौतुकाने हसला आणि मुलीचा जीव भांड्यात पडला. सकाळपासून किल्ल्याच्या तटावर वारा नुसता पिसाळला होता, पण आईची जीभ काही अडत नव्हती. कुठला बुरूज कधी ढासळला, कुठल्या सरदाराला कुठल्या खिडकीतून समुद्रात लोटलं, सगळं तोंडपाठ. बावीस वर्षं ती किल्ल्यातल्या संग्रहालयात बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराशी, सुट्ट्या पैशांची बशी पुढ्यात घेऊन स्टुलावर बसत होती आणि झरोक्यापलीकडे गाईड रोज हेच बोलत होते. तोफा मात्र तिने आज पहिल्यांदाच जवळून पाहिल्या. त्या इतक्या आखूड असतील असं तिला वाटलं नव्हतं, पण तिने ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

आई संग्रहालयात असते, असं मुलीने सासरच्यांना सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. पुढे 'जुन्या वस्तूंची देखरेख करते' हे शेपूट तिने आपल्या मनाने जोडलं. म्हणून आईला तिने आधीच बजावून ठेवलं होतं, की त्यांना संग्रहालयाकडे न्यायचंच नाही, दुरुस्तीसाठी बंद आहे म्हणायचं. आणि हात झाकून ठेवायचे. फिनाईलने आईच्या बोटांची सालटी निघाली होती. आईने मुकाट्याने हातमोजे विकत आणले. पोरीचं लग्न जमतंय, एक दिवस हातमोजे घातले तर काय बिघडतं?

बेत दीपगृहावर चढायचा होता, पण वाऱ्यामुळे रखवालदाराने जिना बंद केला. परत फिरताना एक लाट तट ओलांडून आली आणि विहीणबाई गुडघ्यापर्यंत भिजल्या. जावयाने समोरचं उघडं दार दाखवलं. ते संग्रहालयच होतं.

"दुरुस्ती झालेली दिसते," आई पुटपुटली. मुलीने तिच्याकडे नुसतं पाहिलं.

तिकीटवाला तिला बशीवाली म्हणायचा. तिथे सगळेच म्हणायचे. आज त्याने आईचे हातमोजे पाहिले, मुलीचा चेहरा पाहिला, "या बाई" म्हणाला आणि चार तिकिटं फाडली. तिचंसुद्धा. आईला वाटलं, सुटले.

विहीणबाईंना हातपाय धुवायचे होते. आई सोबत गेली, पायरी तुटकी आहे, जपा म्हणाली. बदलीची बाई आलीच नव्हती. स्टूल रिकामं, बशी रिकामी. झरोक्यातून आलेली वाळू फरशीभर पसरलेली. वाऱ्याने दार आपटू लागलं तसं आईने ते पायाने अडवलं. झाडूकडे गेलेला हात तिने मागे घेतला. इथवर ती सावध होती.

मग आत नळ बंद झाला.

नळ बंद झाला की उजव्या हाताने टॉवेल पुढे करायचा. डावा हात खाली, उताणा. बावीस वर्षांत यात विचार करावा असं काही उरलंच नव्हतं. हातमोजे कधी काढून खिशात कोंबले, तेही तिला कळलं नाही.

विहीणबाईंनी टॉवेल घेतला. एकेक बोट सावकाश पुसलं. त्या हाताकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं. मग पर्समध्ये शोधून एक लहानसं नाणं काढलं आणि तिच्या तळव्यावर ठेवलं.

"देव भलं करो," आईच्या तोंडून निघून गेलं.

"देखरेख चांगली ठेवता," विहीणबाई म्हणाल्या.

लग्न त्यांनी मोडलं नाही. बाहेर येऊन, मुलीच्या देखत, त्या अगदी गोड आवाजात बोलल्या. तीनशे माणसं येणार, तेव्हा हात धुवायच्या जागी विश्वासाचं कुणीतरी लागेलच. "तुम्हीच बसा तिथे. म्हणजे ओळख करून द्यायचा प्रश्न नको."

आईने मुलीकडे पाहिलं. जावई खिडकीतून समुद्र बघत होता. मुलीने वाऱ्याने विस्कटलेले केस कानामागे सारले.

"आईला बसायची सवय आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वारा पडला होता. आईने वाळू लोटली, टॉवेल बदलले आणि स्टुलावर बसली. झरोक्यापलीकडे गाईड सांगत होता, तोफा एकवीस. तोफा एकोणीस होत्या. काल तिने स्वतः मोजल्या होत्या.

सकाळी बशीत पहिलं नाणं आपणच टाकायचं असतं. रिकाम्या बशीत कुणी टाकत नाही. आईने खिशातून हातमोजे काढले, त्यांच्याखालचं कालचं नाणं फडक्याने पुसलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं बशीच्या मधोमध ठेवलं.