ओटिस ग्रॅन्बीच्या सात रेकॉर्डी

लातूर जिल्हा होऊन वर्ष पुरं होत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. नव्या जिल्ह्याबरोबर नवी कार्यालयं आली, बदल्या होऊन माणसं आली, आणि त्यांतच टेलिफोन खात्यातले वीरभद्र मुंबईहून आले. संसाराच्या सामानापेक्षा त्यांच्या रेकॉर्डींच्याच पेट्या जास्त निघाल्या. संध्याकाळी ते वाचनालयात यायचे आणि तिथल्या ग्रंथपाल बाईंना, चांगुणा सोनकांबळेंना, जाझबद्दल सांगत बसायचे.

त्यांचं वेड एकच होतं, ओटिस ग्रॅन्बी. अमेरिकेतला काळा ड्रमवादक, स्वतःच्या बँडचा म्होरक्या. त्याच्या सात रेकॉर्डी त्यांनी कुठून कुठून मिळवल्या होत्या. तो वाजवायचा त्या तऱ्हेला हार्ड बॉप म्हणतात, तिच्यात चर्चमधल्या गाण्यांचा आणि राबणाऱ्या माणसांच्या गाण्यांचा कस उतरलेला असतो, असं ते समजावून सांगायचे. चांगुणाला त्यातलं फारसं कळायचं नाही, पण सांगणाऱ्याची ओढ कळायची. जिल्ह्याच्या वर्धापनदिनाला शहरात ऑर्केस्ट्रा ठरला होता. वीरभद्र म्हणाले, आपण त्याआधीच्या रविवारी सकाळी ग्रॅन्बीच्या रेकॉर्डी ऐकवू. चांगुणानं वाचनकक्षातली टेबलं हलवून जागा करून दिली.

तिचे वडील लिंबाजी नेमके तेव्हाच रेणापूरकडच्या गावाहून आले होते. सोमवारी त्यांचे डोळे तपासायचे होते. चांगुणा त्यांना दादा म्हणायची. घरी एकटे कशाला बसतील म्हणून तिनं त्यांना सोबत आणलं खरं, पण तिच्या मनात धाकधूक होती. दादांना वाजवण्याचं वावडं होतं. घरात कुणी डबा वाजवलेलाही त्यांना खपायचा नाही. भाऊ व्यंकटीनं शाळेच्या बँडपथकात नाव दिलं, तेव्हा दादा गुरुजींकडे जाऊन ते काढून आले होते. का, ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं त्यांना दाराजवळच्या बाकावर बसवलं आणि कंटाळा आला तर बाहेर लिंबाखाली बसा म्हणाली.

पंचवीसेक माणसं जमली. पहिल्या दोन रेकॉर्डींना लोक एकमेकांकडे बघत, सतरंजीवर चुळबुळ करत बसले. तिसरी लागली. मधेच तुतारीसारखी वाद्यं थांबली आणि एकटा ड्रम सुरू झाला.

थोड्या वेळानं चांगुणाला दुसराच एक आवाज ऐकू आला. तिला वाटलं, रेकॉर्डीवर चरा गेला असेल. मग कळलं की आवाज खोलीतलाच आहे. ती वळली.

दादांनी समोरचं रिकामं टेबल जवळ ओढलं होतं आणि दोन्ही हातांनी ते वाजवत होते. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं चेचली होती, ती कधी वाकलीच नाहीत. ती ताठ बोटं आता लाकडावर काडीसारखी तडतडत होती आणि उजवा तळवा खाली घुमत होता. ते ग्रॅन्बीची नक्कल करत नव्हते. तो जिथं श्वास घ्यायला थांबे, तेवढीच जागा ते भरत होते, आणि तो परत आला की बाजूला होत होते. डोळे मिटलेले, मान किंचित कलती. अठ्ठावीस वर्षं ज्यांना दादा म्हटलं, तो माणूस हा नव्हे, असं तिला वाटलं.

एकेक करून सगळ्या माना वळल्या. रेकॉर्ड संपली. दादांनी आणखी दोन ठोके दिले आणि डोळे उघडले. एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत हे दिसताच त्यांनी हात सदऱ्याखाली लपवले.

वीरभद्रांनी जवळ येऊन विचारलं, कुठं शिकलात. दादा उठले. ते आता निघून जाणार, असं चांगुणाला वाटलं. पण ते उभे राहूनच म्हणाले, "हलगी वाजवायचो मी. बापानं शिकवली. गावचं कामच होतं ते आमच्याकडं. लगीन असू की मढं, पुढं आम्ही."

छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी हलगी चुलीत घातली होती. हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. चांगुणानं त्या वर्षावर किती तरी पुस्तकं वाचली होती, जयंतीला भाषणं केली होती. आपल्याच घरच्या चुलीत काय जळलं, ते तिला ठाऊक नव्हतं. आईसुद्धा कधी बोलली नव्हती.

"दादा, मला का नाही सांगितलं?" तिनं सगळ्यांदेखत विचारलं.

"काम सोडलं ते सांगता आलं असतं," दादा म्हणाले. "सगळ्यांनीच सोडलं. पण मला ते वाजवायला लई आवडायचं. ज्याच्यापायी अंगणाबाहेर उभं राहायचं, तेच आवडतंय, ह्याची लाज वाटायची. ती कशी सांगू लेकीला?"

मग विचारल्यावाचूनच त्यांनी दुष्काळातलं सांगितलं. खडीवर चाळीस माणसं ओळीनं बसायची. आपल्या हातोड्याची चाल बदलत बदलत ते सगळी ओळ एका ठेक्यात आणायचे, कुणाच्या लक्षातही यायचं नाही. एका दुपारी त्यांना त्याचा इतका नाद लागला की हातोडा स्वतःच्याच बोटांवर बसला. उपाशीपोटी चक्कर येऊन ते झालं, असं घरात अकरा वर्षं सगळे समजत होते.

वीरभद्रांनी त्यांच्या हातात रेकॉर्डीचं पाकीट दिलं. दादांनी ते अधू डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं. फोटोत ग्रॅन्बी ड्रमपाशी मधोमध बसला होता आणि बाकीचे वादक त्याच्या मागं उभे होते.

"बँड ह्याचाच हाय?" त्यांनी विचारलं.

वीरभद्र म्हणाले, "त्याचाच. पोरं त्याच्याकडं शिकतात, आणि तयार झाली की स्वतःचे बँड काढतात."

"आन् वर नाव बी ह्याचंच?"

"हो, त्याचंच."

दादांनी फोटोतल्या ग्रॅन्बीवरून ताठ बोट फिरवलं. "बसून वाजवतो," ते हलक्या आवाजात म्हणाले, "आन् बाकीचे उभे."

वर्धापनदिनाच्या समितीतले शेषेराव वकील तिथंच होते. त्यांनी उत्साहानं सुचवलं की मिरवणुकीत लिंबाजीरावांची हलगी ठेवू.

"न्हाई," दादा म्हणाले. "मिरवणुकीपुढं आता न्हाई." आवाजात राग नव्हता. वकिलांनी पुन्हा विचारलं नाही. वीरभद्रांनी चौथी रेकॉर्ड लावली आणि दादा परत बाकावर बसले.

सोमवारी डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला आणि दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली. दादा गावी गेले नाहीत. ते रोज वीरभद्रांच्या घरी जायला लागले. वीरभद्रांच्या पत्नी जगदेवी त्यांच्यापुढं पोळपाट उलटा करून ठेवायच्या, त्यावर ते ग्रॅन्बीबरोबर वाजवायचे. सातही रेकॉर्डी त्यांना पाठ झाल्या.

चांगुणा पहिले काही दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही. राग होता की दुसरंच काही, तिचं तिलाही सांगता येत नव्हतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मात्र ती तिकडं गेली आणि पोळपाटासमोर बसून म्हणाली, मला शिकवा.

दादांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिचा हात धरून लाकडावर ठेवला आणि एक सोपा ठेका दिला. तिला तो जमेना. पाचव्यांदा चुकल्यावर दादा हसले. त्यांचं असं मोकळं हसणं तिनं आजवर ऐकलं नव्हतं. ती चमकली, तिचा हात तसाच थांबला, तेव्हा दादा म्हणाले, "थांबू नको. चुकलं तरी चालू ठेव."