छपराखालची गोल शेगडी

मुलांनो, जरा माझ्याबरोबर चला. समजा, समोर समुद्र आहे, पाठीमागे वाळू, आणि मध्ये सिमेंटच्या बैठ्या खोल्यांची एक नवी कोरी रांग. हे अबुधाबी आहे, पण उंच इमारती यायच्या आधीचं, एकोणीसशे अडुसष्टच्या आसपासचं. हिवाळा आहे आणि शमाल सुटला आहे. शमाल म्हणजे तिकडचा उत्तरेचा वारा. तो थंडी आणि वाळू बरोबरच घेऊन येतो आणि दारांच्या फटींतून शिट्ट्या वाजवतो. आता रांगेतलं शेवटचं दार बघा. तिथे शिट्टी ऐकू येत नाही. त्या दाराच्या सगळ्या फटी चिंध्यांनी बुजवल्या आहेत.

त्या दाराआड कुबरा राहायची. रत्नागिरीकडची, दहा वर्षांची. तिचे अब्बा खैरुद्दीन तेलकंपनीच्या गोदामात काम करायचे. अम्मीचं नाव रशीदा. आणि आता घरात एक नवं माणूस होतं, कुबराचा नुकताच जन्मलेला भाऊ.

त्या घरात एक गोल शेगडी होती. घुमटासारखं झाकण, खाली तीन पाय, वरून काळा चकचकीत मुलामा. बुडाला हवेसाठी भोकं आणि ती उघडझाप करायला एक पत्री पट्टी. कंपनीतला एक इंग्रज इंजिनियर मायदेशी जाताना ती अब्बांना देऊन गेला होता. घरात तिला ‘साहेबाची शेगडी’ म्हणत. दर शुक्रवारी तिच्यावर सुरमई भाजली जायची.

ती किती टिकेल, हे साहेबानेच सांगून ठेवलं होतं. दर वेळी राख काढली आणि कोरडी ठेवली, तर दहा वर्षं. राख आत राहिली तर ती दमट होते आणि पत्रा खाते. समुद्राची खारी हवा तर त्याहून वाईट. आणि जाता जाता तो म्हणाला होता, ही छपराखाली कधी पेटवायची नाही.

तेव्हा ते सगळे खजुराच्या झावळ्यांच्या घरात राहत होते. अब्बांनी वर बघितलं आणि मान डोलावली. बरोबरच आहे, एक ठिणगी आणि घर खलास.

मुलांनो, शेगडीचं वय झाकणावरून कधी ओळखू नका. झाकण शेवटपर्यंत चमकतं. बूड बघा. अब्बा झाकण रोज पुसायचे. बुडाचा मुलामा मात्र टवके टवके होऊन उडाला होता, आणि तिथे तांबूस पापुद्रे सुटायला लागले होते. हवेची पट्टी गंजून अडकली होती, अर्धी उघडी, मग पाव, आणि आता जवळजवळ बंद.

“बाहेर ठेवली तर दुसरा हिवाळा नाही बघायची,” अब्बा म्हणाले. “सिमेंटचं घर मिळालंय. हिला आत घेऊ या.”

आणि त्यांनी तिला आत घेतली.

त्याच आठवड्यात कोकणातून फुफी आली, अब्बांची थोरली बहीण मैमुनाबी. बाळंतपणं करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आल्या आल्या तिने विचारलं, “खैरू, शेकाची शेगडी कुठाय?”

आपल्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. अंग शेकतं, ओवा-शेपाची धुरी मिळते. मातीची शेगडी, वर कौलं, आणि कौलांच्या फटींतून धूर आपला आपण निघून जातो. फुफीने आयुष्यभर हेच केलं होतं, आणि कुणाला काही झालं नव्हतं.

“आपा, इथे कुठली शेगडी? ही साहेबाची चालेल का?”

“छपराखाली पेटवायची नाही ना अब्बा?” कुबरा म्हणाली.

“ते झावळ्यांचं छप्पर होतं गं. हे सिमेंट आहे. जळतंय होय?”

फुफीने गोल शेगडी निरखली. झाकण घातल्यावर धूर जवळजवळ दिसतच नव्हता. “ही तर आपल्या शेगडीपेक्षा शहाणी आहे,” ती हसून म्हणाली. “डोळ्यांत पाणीसुद्धा नाही काढत.”

शेगडी खाटेशेजारी आली. वारा बाळाला लागू नये म्हणून अब्बांनी दाराच्या फटी बुजवल्या. भिंतीत थंड हवेच्या यंत्रासाठी एक चौकोनी भोक ठेवलेलं होतं. यंत्र कधी आलंच नव्हतं. त्या भोकात त्यांनी गोणपाट ठासून बसवलं. प्रत्येक चिंधी मायेने लावलेली होती, मुलांनो. प्रत्येक चिंधी.

मग अम्मीचं डोकं दुखायला लागलं.

“नजर लागली,” फुफी म्हणाली. तिने मीठ-मिरच्या ओवाळून निखाऱ्यांवर टाकल्या आणि वर झाकण घातलं. कुणाला ठसका लागला नाही. “बघितलंस? मिरच्या जळल्या आणि वाससुद्धा नाही! केवढी कडक नजर!” आणि तिने आणखी कोळसे घातले.

अम्मी खायची थांबली. बाळ रडायचं थांबलं. “किती गुणी पोर आहे,” अब्बा म्हणाले. “नुसतं झोपतं.”

राख बाहेर टाकायचं काम कुबराकडे होतं. तिचंही डोकं ठणकत असे. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. राखेचा डबा घेऊन बाहेर गेलं, वाळूत जरा उभं राहिलं, की डोकं हलकं व्हायचं. आत आलं, की पुन्हा जड. तिने ते फुफीला सांगितलं.

“कामं चुकवायला डोकं दुखतं तुझं,” फुफी म्हणाली. “जा, राख टाकून ये.”

हवा पुरली नाही की कोळसा अर्धवट जळतो, आणि त्यातून एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूर नाही. कौलांतून तो निघून जात होता. सिमेंटमधून कुठे जाणार? हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका दुपारी अब्बा गोदामात होते. कुबरा डबा रिकामा करून परतली, तेव्हा फुफी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या हातातली तसबी, जपाची माळ, खाली पडलेली होती. अम्मीचा चेहरा छान लालसर दिसत होता, जणू ती बरी होत होती.

“अम्मी?”

अम्मीने डोळे उघडले नाहीत. कुबराने बाळाच्या तळव्यावर टिचकी मारली. पाय हलला नाही.

नजर खोलीच्या बाहेर गेल्यावर उतरते का? फक्त माझीच उतरते? कुबरा क्षणभर शेगडीकडे बघत राहिली. मग ती ट्रंकेवर चढली आणि तिने दोन्ही हातांनी गोणपाट ओढलं. वारा वाळूसकट आत घुसला. तिने दार उघडलं, बाळाला छातीशी धरून बाहेर धावली आणि त्याला पाठभिंतीच्या आडोशाला झोपवलं. परत येऊन ओल्या पंच्याने शेगडीचा पाय धरला आणि उंबऱ्यावरून फरफटत नेली. शेगडी वाळूत कलंडली आणि निखारे विखुरले. मग अम्मीच्या काखेत हात घालून तिने तिला खाटेवरून दाराकडे ओढलं.

बाळ निपचित होतं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, हाका मारत राहिली. आणि मग एक बारीक, चिडका आवाज आला. बाळ रडलं.

आत अम्मीला ओकारी झाली. फुफी रांगत उंबऱ्यापाशी आली. “अगं बये, वारा! पोराला वारा लागेल!”

अब्बा आले, तेव्हा तिघी बाळाला घेऊन दारात बसल्या होत्या. “काय झालं?” ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

“अब्बा, साहेब काय म्हणाला होता? परत सांगा.”

“छपराखाली पेटवू नका,” अब्बा म्हणाले. “छप्पर जळेल म्हणून...” ते थांबले. त्यांनी मान वर करून सिमेंटच्या छताकडे बघितलं. ते छत अगदी धडधाकट होतं.

“खैरू,” फुफी क्षीण आवाजात म्हणाली, “शेगडी आधी आत घे. वाळूत गंजेल. रात्री शेक द्यायचाय.”

आणि अब्बांचा हात, इतक्या दिवसांच्या सवयीने, शेगडीच्या मुठीकडे गेला.

कुबरा उठली. बाळाला तिने अम्मीच्या मांडीवर दिलं. स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून मसाला कुटायचा लोखंडी बत्ता आणला, कलंडलेल्या शेगडीसमोर उभी राहिली, आणि तिच्या तांबूस बुडावर तिने तो दोन्ही हातांनी घातला. पहिल्याच घावाला पत्रा पापडासारखा फुटला. ती थांबली नाही. बुडाच्या जागी नुसती वाळू दिसेपर्यंत ती मारत राहिली.