सगळ्यांचा जीव माझ्या पायांत

आमच्या पुंडलिकनगरच्या घरी कुणी आलं की आधी माझ्या पायांकडं बघतं, मग तोंडाकडं. "काही फरक?" हा पहिला प्रश्न. अरे, मी सुलेखा, इथं वर आहे मी! पण नाय. भावाच्या मोटारसायकलवरून पडले, मणक्याला मार लागला आणि काखेच्या खालचं मला काही कळेनासं झालं. तेव्हापासून या घरात माझे पायच तेवढे राहतात.

त्यांना काय काय लावलं म्हणून सांगू! एरंडाचं तेल, कुठकुठले लेप, वर सोयगावकडच्या एका वैद्याच्या पुड्या. आणि माझ्या तोंडात आईचा तुपातला शिरा. "बसूनच तर असतीस गं, खाण्याचं तरी सुख घे," म्हणायची. नको म्हणलं की लगेच डोळ्याला पदर. त्या सुखानं पोट सुटलं आणि साखर वाढली.

भीती बसली ती अनिसामुळं. छावणी भागातली अनिसा माझी मैत्रीण, माझ्यासारखीच खुर्चीवरची, फोनवर रोज भांडायची माझ्याशी. एका दुपारी शिलाई करता करता तिनं मान टाकली. छातीत दुखतंय म्हणून एक शब्द नाही. मी माझ्या मणक्याच्या डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी सरळ सांगितलं, "हालचाल कमी झाली की रक्तवाहिन्या लवकर खराब होतात. आणि तुम्हाला छातीतली कळ कळेलच असं नाही. हृदय तपासून घ्या."

मला तर पलंगावरून खुर्चीत सरकतानाही घाम फुटत होता, दम लागत होता. घरी सांगितलं. आई म्हणाली, "छातीत दुखतंय का? नाय ना? मग!"

दुखलं तरी मला कळणार नाही, हे या बाईला किती वेळा सांगायचं?

रविवारी सत्यम, माझा धाकटा भाऊ, मित्राची गाडी घेऊन आला. मला वाटलं, पोरानं मनावर घेतलं एकदाचं. कसलं काय! आई आणि तो मला घेऊन निघाले होते वैद्याकडं. म्हणे नवीन तेल काढलंय त्यानं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! मी उंबऱ्यातच खुर्चीचे ब्रेक लावले.

"ताई, एकदा बघू तरी," सत्यम म्हणाला.

"पाय तुला पाहिजेत, सत्या. तुझ्या गाडीवरून पडले ना मी, म्हणून. मला नकोत ते. मला जगायचंय!"

लई लागलं त्याला. लागू दे. त्यानं मला उचलून गाडीत बसवलं आणि गाडी हृदयाच्या दवाखान्याकडं घेतली. आई मागं तोंड फुगवून बसली होती.

तिथल्या काउंटरवरच्या बाईनं मान वर न करता विचारलं, "ट्रेडमिल करावी लागेल. पळायचे बूट आणलेत का?"

"आहेत की घरी, नवे कोरे," मी म्हणलं. "तुम्हीच घाला आणि पळा माझ्या नावानं."

तिनं वर बघितलं, मग खुर्चीकडं, आणि गुपचूप डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी दुसऱ्या तपासण्या केल्या, दाखल करून घेतलं, अँजिओग्राफी केली. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. तिच्यात स्टेंट टाकला. मला खाटेवर आणल्यावर डॉक्टर आले आणि म्हणाले, "वेळेत आलात. नाहीतर अवघड होतं."

मला रडू आलं. अनिसाला कुणी आणलं नाही, मी भांडून आले. आता तरी कुणीतरी माझ्या डोक्यावरून हात फिरवील असं वाटलं.

आई पुढं झाली. तिनं डॉक्टरांना हात जोडले. "साहेब, नस मोकळी झाली ना आता? मग रक्त खाली उतरंल. चालंल ना माझी लेक?"

डॉक्टर गडबडले. "नाही हो मावशी. पायांचा याच्याशी काही संबंध नाही, ते तसेच राहणार. पण पोरीचा जीव वाचला तुमच्या."

"व्हय का," आई म्हणाली. "मला वाटलं..."

सत्यम खिडकीतून बाहेर बघायला लागला. मी वाचले होते, आणि माझ्या आईचं तोंड उतरलं होतं.