उपळसरीचं पाणी

दिपमालाने खुरपी बाजूला ठेवली आणि शेवटची माती बोटांनीच उकरली. कुंपणावर चढलेल्या उपळसरीचं मूळ जेमतेम करंगळीएवढं निघालं. मोडताच तो गोड, मातकट सुवास हाताला लागला.

"बस कर. बाकीनं ऱ्हाऊ दे, वेल मरी जाई," ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या. बोलण्यापुरती द्रौपदाबाईंची जपमाळ थांबली, पुन्हा फिरू लागली.

ही वेल दिपमालाच्या आईने, इंदिराबाईंनी, ओल्या फडक्यात गुंडाळून मेहरूणच्या या घरी आणली होती. तेव्हापासून दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या सासऱ्यांच्या नावाने भरलेल्या घागरीत हे मूळ पडायचं. मग दिपमाला माहेरी निघायची. नरडाण्याला उतरून घरी पोचली, की आई पायरीवरच याच वासाचं पाणी घेऊन उभी.

"गाडीमा जागा भेटनी का?"

उत्तर मिळाल्याशिवाय तांब्या हाती येत नसे. परतल्यावर दिपमाला सासूबाईंना त्याची नक्कल करून दाखवायची.

यंदा त्या घराला कुलूप होतं. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि दिपमाला एकुलती एक. सासरच्या घरात घागर सासरच्याच पितरांची. काल कुंभाराकडे ती दोन घागरींपाशी बराच वेळ उभी राहिली आणि एकच घेऊन आली.

आखाजीच्या सकाळी, मूळ भिजवलेला तांब्या घेऊन ती देवघरापाशी आली, तर तिथे दोन घागरी मांडलेल्या. द्रौपदाबाई उंबरठ्यावर एकेका पितराचं नाव घेत कुंकवाची बोटं उमटवत होत्या. शेवटचं बोट टेकवताना त्या हळूच म्हणाल्या, "इंदिराबाई."

मूळ एकच होतं. दिपमालाचा हात सवयीने सासऱ्यांच्या घागरीकडे गेला.

"तठे नको. त्यासले पानीना वास कधी समजना का? जिंदगीभर चहाच पिनात."

दिपमालाने मूळ दुसऱ्या घागरीत सोडलं, त्यावर अर्धं पाणी ओतलं. उरलेल्या पाण्यासकट तांब्या सासूबाईंनी तिच्याकडून काढून घेतला.

"चपला घाल. पायरीवर जाय."

"कुठे जायचंय, अक्का?"

"जाय तर."

ती बाहेर गेली. पदराला हात पुसत पायरीवर वळून उभी राहिली. कुंकवाची ओली बोटं ओलांडून द्रौपदाबाई दारात आल्या. दोन्ही हातांनी तांब्या धरलेला. आवाज नेहमीसारखाच हळू.

"गाडीमा जागा भेटनी का?"